तिसऱ्या अंकातली मागची रांग

४ फेब्रुवारी

धाकटे,

फोन तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मी चार वाक्यांच्या आत ओरडायला लागेन, म्हणून पत्र. पत्ता कपडेवाल्या मावशींनी दिला. त्यांच्यावर चिडू नकोस, मी त्यांना अगदी भंडावून सोडलं होतं. पोशाखांचं काम सोडलं तरी नाटकघरातल्या सगळ्यांची खबर अजून त्यांच्याकडेच असते. त्या म्हणाल्या, तू पोहण्याच्या तलावावर तिकिटं देतेस. मला हसू आलं, मग हसले म्हणून स्वतःचाच राग आला. घोटाभर पाण्यात उभं राहायला रडणारी तू, आणि तलावावर!

आई आजारी आहे. डिसेंबरात तिला झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा परत आली, आणि आली ती पूर्वीच्याच धारेची. दिवसा एक नर्स येते, तिला आई पहिल्याच भेटीत म्हणाली, "पोट आत घे, म्हातारी दिसतेस." नर्स बिचारी माझ्याहून लहान आहे. पण आईच्या डोक्यात मधूनमधून भोकं पडली आहेत. तिच्या तरुणपणीच्या प्रत्येक बॅलेतलं प्रत्येक पाऊल तिला पाठ आहे, गेल्या दोन वर्षांतलं मात्र काही आहे, काही नाही. ती संध्याकाळ नाही. तू रुसून गेलीस एवढं तिला माहीत आहे. कशावरून, ते तिला आठवत नाही आणि मी सांगितलेलं नाही.

तिला आठवतं ते हे की 'घंटा ओतणाऱ्याची मुलगी' या आपल्या बॅलेचं चित्रीकरण झालं होतं आणि मुलगी तू होतीस. रोज सकाळी तोंड पुसून झालं की विचारते, "धाकटीची फिल्म आली का?" फिल्म कपाटात आहे, हे मी तिला कसं सांगू? मुख्य नर्तकीच्या संमतीशिवाय ती कुणाला दाखवायची नाही असं करारात आहे. ते कलम कुणी घालायला लावलं होतं, आठवतंय ना? आईनेच. तुझा एखादा वाकडा पाय जगापुढे जाऊ नये म्हणून व्यवस्थापकाशी हमरीतुमरीवर आली होती ती.

डॉक्टर फार आशा दाखवत नाहीत. मी तुला ये म्हणत नाही. सोबत कागद आहे, त्यावर सही करून पाठव, एवढंच. माझं त्यात काही नाही. आईने एकदा बघावं, बस.

ताई


२० फेब्रुवारी

धाकटे,

व्यवस्थापकाला तुझं उत्तर मिळालं. एका कार्डावर एक शब्द, 'नाही'. मला तर तेवढंही नाही. व्यवस्थापकाने ते कार्ड माझ्यापुढे असं धरलं, जणू मीच लिहिलं होतं.

ठीक आहे. आता माझंही ऐक. दवाखान्यात तुला भेटायला जो जो आला त्याला तू तुझ्या जागेवरून सगळं सांगितलंस. मी तेव्हा तोंडात मूग गिळून बसले. आता माझ्या जागेवरून सांगते.

माझी जागा मागची रांग. इतकी वर्षं तीच आहे, म्हणून मला तिथलं चांगलं कळतं. तिसऱ्या अंकात आम्ही दगडाच्या बायका असतो, घंटाघराच्या कठड्यावरच्या मूर्ती. अंगाला राखाडी रंग फासायचा, दोन्ही हात वर, मान डावीकडे, आणि पडदा पडेपर्यंत हलायचं नाही. मध्ये मुलगी एकटी नाचते. पहाटेपर्यंत नाचते, घंटा वाजते आणि ती मरून पडते. लोक तिच्यासाठी रडतात. आमच्या हातांना मुंग्या येतात त्यासाठी कोण रडणार? आईने तालमीत पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "नाक खाजलं तर लक्षात ठेवा, दगडाला नाक नसतं." एकीला शिंक आली होती तर पुढचे दोन प्रयोग तिला घरी बसवलं होतं. तूही तेव्हा हसली होतीस.

त्या संध्याकाळी तू घंटेच्या खूप आधी पडलीस. माझी मान विंगेकडे होती, त्यामुळे मला तू दिसत नव्हतीस. मी फक्त आवाज ऐकला, सुकी फांदी मोडावी तसा. मला वाटलं फळीचा असेल. लोकांना वाटलं कथेतलंच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. वादक वाजवत राहिले. कॅमेरे चालू होते, म्हणून पडदा पाडायला कुणी धजेना. आणि विंगेच्या अंधारात आई उभी होती. तिचा हात खालून वर, खालून वर असा चालला होता. तोंडाने ती काय म्हणत होती ते वाद्यांमुळे मला ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. तू उठलीस. डॉक्टर म्हणाले की पहिल्या पडण्यात टाचेमागची शीर अर्धीच तुटली होती, त्यावर उभी राहिलीस म्हणून सगळंच गेलं.

हे आईचं. त्यात मी तिला वाचवायला जाणार नाही. टाच सुजलीय हे तिला दुपारपासून माहीत होतं. तिने घट्ट पट्टी बांधली आणि म्हणाली, "कॅमेरे परत येणार नाहीत." पट्टीचं दुसरं टोक मीच धरलं होतं, तेव्हा मलाही माहीत होतं. तुलाही होतं. तूच म्हणालीस की अजून घट्ट बांध.

पण माझ्याबद्दल तू जे म्हणालीस ते मला मान्य नाही. "ताईने मान वळवली नाही." नाही वळवली. कुणीच वळवली नाही. मागे पंधराजणी उभ्या होत्या, त्यातली एकही हलली नाही. आम्हाला तेच शिकवलंय. मी तुझी बहीण आहे म्हणून दगडाने वितळायचं होतं का? आणि मी वळून करणार काय होते? मला काय शिवता येतं तुटलेलं?

दुसरं म्हणजे तो पोशाख. तू दवाखान्यात असताना मी तुझा पोशाख घालून तुझा तिसरा अंक नाचले, हे तुला अजून खुपतं. दिग्दर्शकाला अंक पुरा करायचा होता. उंची तुझ्याएवढी, बांधा तुझ्यासारखा, पावलं पाठ, अशी संस्थेत मी एकच होते. पावलं पाठ का होती म्हणून विचारशील, तर घरी तुझा सराव कोण करून घेत होतं? मावशींना कंबर चार बोटं उसवावी लागली, आणि उसवताना जे काही त्या पुटपुटल्या ते मी निमूट ऐकून घेतलं. रिकामं नाटकघर, खुर्च्यांवर चादरी, आणि चित्रण पाठीमागून किंवा लांबून. चेहरा कुठेही नाही. चेहरा तुझा, त्या संध्याकाळचा, पडण्याआधीचा. माझं नावसुद्धा येणार नाही त्यात. मग तुझं बिघडलं काय?

सही कर. आई रोज विचारते.

ताई


६ मार्च

धाकटे,

तुला राग येईल अशी गोष्ट केली आहे. आधीच सांगून टाकते. आईला फिल्म दाखवली.

तुझ्या परवानगीची वाट बघत बसले असते तर कदाचित आई नसती. संकलक स्वतः लॅपटॉप घेऊन घरी आला. तू त्याला पाहिलेलं नाहीस. जाडजूड, सदा बिस्किटं खाणारा, आणि बोलायला लागला की थांबत नाही. दीड वर्ष तो तुझे नि माझे तुकडे जोडतोय. दारात चपला काढता काढता म्हणाला, "तुमच्या दोघींच्या मानेखालचा सांधा मी कुठे लावलाय ते तुम्ही सांगून दाखवा, मी धंदा सोडतो." मी म्हटलं, आत माझी आई आहे, पैज तिच्याशी लावा, मला तुमचं घर उघड्यावर आणायचं नाही.

आईला उशा लावून बसवलं. चष्मा चढवला. पहिला अंक तिने दात-ओठ खात बघितला, तुझ्या प्रत्येक उडीला तिची डावी टाच पांघरुणाखाली हलत होती. दुसऱ्या अंकात म्हणाली, "हनुवटी. किती वेळा सांगितलं." तिसरा अंक सुरू झाला आणि मी सूप गरम करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. मला तिच्यासमोर ते बघवेना. पैज खरी वाटायला लागली होती. ती ओळखणार. ती पायाच्या आवाजावरून कोण जिना चढतंय ते ओळखायची, तिला माझी पाठ ओळखता येणार नाही?

ओळखली नाही, धाकटे.

मी परत आले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आईच्या. तू-मी मिळून ते कधी बघितलंय? मला म्हणाली, "बघ. आत्ता कळलं तिला. पहिल्या अंकात ती लोकांना दाखवतेय. इथे दाखवत नाहीये, इथे नाचतेय." आणि मग माझा हात धरून म्हणाली, "आणि पाय बघ. काही झालेलं नाही पायाला. मला सारखं वाटायचं, हिच्या पायाला काहीतरी झालं होतं. झोपेत दिसायचं. वेडीच मी. बघ ना, शेवटपर्यंत नाचलीय."

संकलकाच्या तोंडात बिस्किट तसंच राहिलं. तो माझ्याकडे बघत होता. मी सुपाची वाटी आईपुढे धरली.

लॅपटॉप तो आमच्याकडेच ठेवून गेला. आई आता रोज दुपारी तिसरा अंक बघते. जेवण नीट जातं. नर्स म्हणते, अशी सुधारणा तिने पाहिलेली नाही. रोज एक तरी नवीन गोष्ट सापडते तिला. वळण घेण्याआधीचा श्वास, हात खाली येतानाचा जडपणा. ज्या गोष्टींसाठी मी आयुष्यभर तिच्या शिव्या खाल्ल्या, त्या सगळ्यांची ती तारीफ करते, तुझं नाव घेऊन. मी सुपाची वाटी घेऊन शेजारी उभी असते. मला बरं वाटतं का वाईट, माझं मलाच ठरवता येत नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की माझं त्यात काही नाही. ते खोटं होतं. त्या रिकाम्या नाटकघरात मी जशी नाचले तशी परत कधी नाचणार नाही, आणि ती एकच खूण आहे त्याची. मला ती फिल्म लोकांनी बघायला हवी आहे. नाव नसलं तरी चालेल, असं मी स्वतःला सांगते.

ताई


१६ मार्च

धाकटे,

आई परवापासून जेवत नाही. कारण मी आहे. तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्याआधी मीच लिहिते.

बुधवारी मावशी भेटायला आल्या होत्या. आईने त्यांना फिल्म दाखवली. तिसऱ्या अंकात मावशी खिडकीबाहेर बघत बसल्या, त्यांना माहीतच आहे कंबर कुणासाठी उसवली ते. अंक संपल्यावर आई म्हणाली, "बघितलंस? एवढं धडधाकट पोर. एवढं नाचून झाल्यावर कसला रुसवा धरून बसली आहे? आई मरायला टेकली तरी फिरकत नाही. पाय दुखतो म्हणे. कसला पाय? सगळा कांगावा. लहानपणीसुद्धा सराव चुकवायला लंगडायची."

मावशी म्हणाल्या, "बाई, असं बोलू नका." आई म्हणाली, "का बोलू नको? माझ्या डोळ्यांनी बघतेय मी."

मावशी गेल्या. मी बिछान्यापाशी बसले आणि म्हटलं, "आई, ती मी आहे."

"कोण?"

"तिसऱ्या अंकात. ती धाकटी नाही, मी आहे."

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाली, "मागे घे." मी अंक मागे घेतला. तिने पुन्हा बघितला, चष्मा काढून, डोळे बारीक करून. मधेच बोट वर केलं, मी थांबवलं. "डावा खांदा," ती म्हणाली. "वर चढतो तुझा. मी म्हणत होते काहीतरी खटकतंय." बस, एवढंच. ज्या नाचावर दहा दिवस डोळे पुसत होती, त्याबद्दल मला जे म्हणायचं ते एवढंच म्हणाली. मग वळून विचारलं, "मग ती कुठे आहे?"

मी सांगितलं. सूज सांगितली, पट्टी सांगितली, कॅमेरे परत येणार नाहीत हे तिचं वाक्य सांगितलं. तू पडलीस ते, आणि तिने विंगेतून हाताने काय केलं तेही सांगितलं. ती म्हणाली, "मी? ऊठ म्हणाले?" मी म्हटलं, हो. दोन शस्त्रक्रिया झाल्या, लंगडत चालते, नाचणं संपलं, तलावावर तिकिटं देते, सगळं सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता आलं नाही. शेवटी नर्सने येऊन माझ्या खांद्याला धरून मला बाहेर नेलं.

तू विचारशील, कशासाठी सांगितलंस? तुझ्यावर कांगाव्याचा आळ आला म्हणून सांगितलं, असं मी म्हणू शकते. ते अर्धं खरं आहे. पण मावशी नसत्या आल्या तरी मी आज ना उद्या सांगितलं असतं. मला ते डोळ्यांतलं पाणी माझ्यासाठी हवं होतं. ते मिळालं नाही, आणि तिची झोप मात्र गेली.

मला वाटलं होतं ती विसरेल. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही तिला. हे विसरली नाही. लॅपटॉप समोर धरला तर तोंड फिरवते. काल नर्स तिला कूस बदलायला नेहमीसारखं म्हणाली, "चला आजी, उठा बरं जरा." आईने तिचा हात झटकला. "ऊठ म्हणायचं नाही," ती म्हणाली. "कुणाला ऊठ म्हणायचं नाही."

तू ये. पहिल्या पत्रात म्हटलं होतं की ये म्हणत नाही. आता म्हणते. सहीचं राहू दे, कागद फाडून टाक. तू फक्त ये.

ताई


२ एप्रिल

धाकटे,

आई गेली. फोन लावला होता, तू उचलला नाहीस. तलावाच्या कचेरीत निरोप ठेवला, तिथल्या माणसाने दोनदा नाव लिहून घेतलं, तेव्हा तो तुला मिळाला असणार. तरी लिहिते, कारण कुणीतरी लिहायला हवं.

सकाळीच गेली. त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले, तसं ते सगळ्यांनाच म्हणतात. निरोप द्यायला संस्थेची माणसं आली होती, मागच्या रांगेतल्या मुली आल्या होत्या. सगळ्या इतक्या ताठ उभ्या होत्या की आई असती तर खूश झाली असती. व्यवस्थापकाने भाषणात तिला दोनदा 'कठोर पण प्रेमळ' म्हटलं. प्रेमळ कुठून काढलं कोण जाणे.

शेवटचे दिवस ती फारसं बोलत नव्हती. एकदा मी तिचे पाय चोळत होते तेव्हा तिने विचारलं, "धाकटीला तिथे बसायला खुर्ची आहे ना?" मला आधी कळेना ती कुठलं म्हणते. "तिकिटं देते तिथे. दिवसभर उभं तर राहावं लागत नाही ना?" मी म्हटलं, "आहे, चांगली गादीची खुर्ची आहे." मला काय माहीत आहे का नाही ते. ती म्हणाली, "मग बरं." आपल्याला तिने आयुष्यात कधी बस म्हटलं नाही, म्हणून तुला लिहावंसं वाटलं.

तू आली नाहीस याचा मला राग आहे. तो खोटा खोटा गिळून मी गोड लिहिणार नाही. तुझी बाजू मला कळते, आणि कळूनही राग आहे. तिची शेवटचे दोन आठवडे जी दशा झाली ती मी केली, याचाही राग आहे, आणि तो काढायला घरात दुसरं कुणी उरलेलं नाही.

तिचे सरावाचे बूट मी ठेवले आहेत. बाकी कपडे नर्स घेऊन गेली.

ताई


२३ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे संकलकाला मिळालं, त्याने मला बोलावून वाचायला दिलं. त्या एका 'नाही'नंतर तुझं अक्षर पुन्हा बघितलं. अजून तसंच उताणं पडलेलं.

'फिल्म दाखवा. तिसरा अंक त्या संध्याकाळचा घ्या, मी पडले तिथून पडदा पडेपर्यंत, आवाजासकट. ताईचा अंक काढा. पण तिला विचारून.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस 'नाही' म्हणून बसलीस, आणि आता हो म्हणालीस ते माझं एकुलतं एक नाचणं पुसून. वर विचारूनही! मी संकलकाला म्हटलं, "तिला सांगा, माझी हरकत आहे." तो म्हणाला, "सांगतो. पण आधी एकदा बघून घ्या, तुम्ही ती संध्याकाळ बघितलेलीच नाही." मी म्हटलं, "मी तिथे होते." तो म्हणाला, "तुमची मान विंगेकडे होती." तुझ्याशिवाय हे त्याला कुणी सांगितलं असेल, तर त्या चित्रणानेच सांगितलं असेल. त्याने मला खुर्ची दिली, बिस्किटांचा डबा पुढे सरकवला आणि खोलीतला दिवा मालवला.

तू पडतेस. मी तुला पडताना पहिल्यांदाच बघितलं. पाय नाहीच, तोंड बघितलं. तू खाली बसून स्वतःच्या टाचेकडे असं बघतेस की ही कुणाची. टाळ्या पडतात. आणि वाद्यांच्या मागून आईचा आवाज येतो. विंगेजवळच्या माइकमध्ये सगळं आलंय. "ऊठ. ऊठ, बाळा. ऊठ." मला वाटायचं ती हुकूम देत असेल. धाकटे, ती रडत होती. रडत रडत तुला उठवत होती. त्याने तुझा पाय परत येत नाही, मला माहीत आहे. आणि तू हे तिथे खाली बसून तेव्हाच ऐकलं असणार, म्हणून तर उठलीस. मला मात्र हे बघेपर्यंत माहीत नव्हतं.

मग मी मागची रांग बघितली. बघायची नव्हती, पण नजर सवयीने तिकडे गेली. मी तुला फेब्रुवारीत छातीठोकपणे लिहिलं होतं की एकजणही हलली नाही. हलल्या, धाकटे. तू पडल्याबरोबर तिघींनी मान वळवली. शिंकेवाल्या मुलीने हात खाली सोडले. तू दुसऱ्यांदा पडलीस तेव्हा टोकाची ती सगळ्यात नवी मुलगी रांग सोडून तुझ्याकडे धावली. अर्ध्या वाटेवर तिला कळेना काय करावं, राखाडी रंगात ती तशीच उभी राहून तोंडावर हात धरून रडतेय. आणि त्या सगळ्या मोडलेल्या रांगेत एक बाई हात वर करून, मान डावीकडे ठेवून, पापणीसुद्धा न हलवता उभी आहे. एकदम निर्दोष. आईने चूक काढायला जागा ठेवलेली नाही. पडदा पडून तिला झाकेपर्यंत ती तशीच आहे.

संकलकाने थांबवलं. बिस्किटांच्या डब्याला झाकण लावून त्याने तो बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तुमचा अंक मी माझ्याकडे जपून ठेवीन."

मी म्हटलं, "नको. काढायचा तर पुरता काढा."

कागदावर सही केली. हरकत नाही, असं लिहिलं.

तो पुन्हा पडद्याकडे वळला. जरा चाचरत म्हणाला, "ही चौकट मी थोडी पुढे ओढू शकतो. डावीकडची बाजू कापली जाईल. धाकट्या बाई दिसतील, ती धावत आलेली मुलगी दिसेल, तुम्ही दिसणार नाही. कुणाला काही कळायचं नाही."

मी म्हटलं, "राहू दे."

ताई